थोरला कुत्रा घरात असताना धाकटा आणायचा आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी पुण्यात घरी कुत्री सांभाळते. काही कायमची, काही चांगलं घर मिळेपर्यंतची. त्यामुळे ओळखीतल्या लोकांचे फोन येतात आणि प्रश्न जवळजवळ तेच असतात. खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं मला भैरूने शिकवलं. भैरू आमचा देशी कुत्रा. चिंगी घरात आली तेव्हा तो १३ वर्षांचा होता, मागचे पाय आखडलेले, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. चिंगी अडीच महिन्यांची, एका बांधकामाच्या जागेवर सापडलेली.

आमचा कुत्रा १२ वर्षांचा आहे. त्याला सोबत म्हणून दुसरा आणावा का?

आधी स्वतःला विचारा, सोबत नक्की कोणाला हवी आहे? बहुतेक वेळा ती आपल्यालाच हवी असते. थोरला थकत चाललेला दिसतो, तो गेल्यावर घर खायला उठेल ही धास्ती असते. त्यात गैर काहीच नाही. फक्त ते कारण थोरल्याच्या नावावर टाकू नका. नाहीतर पुढे "तुझ्यासाठी आणलं आणि तूच गुरगुरतोस" असा राग त्याच्यावर निघतो.

म्हाताऱ्या कुत्र्याच्या गरजा थोड्या असतात: वेळेवर जेवण, ऊबदार कोपरा, ओळखीचे आवाज, आणि झोपेत कुणी अंगावर येऊन न पडणं. दुसरं कुत्रं आल्यावर यातली एकही गोष्ट हलणार नसेल तर जरूर आणा. काही थोरले खरंच खुलतात. विशेषतः ज्यांचा जोडीदार नुकताच गेलाय, किंवा जे फिरायला गेल्यावर अजूनही दुसऱ्या कुत्र्यांकडे सैल शेपूट हलवत जातात ते. तुमचा थोरला गेल्या काही महिन्यांत खाली कुत्रं दिसलं की काय करतो ते आठवा. तो रस्ता बदलत असेल, तुमच्या पायामागे जात असेल, तर त्याचं उत्तर त्याने दिलेलं आहे.

अजिबात आणू नये असं कधी?

थोरल्याचं मोठं आजारपण चालू असेल, ऑपरेशन होऊन थोडेच दिवस झाले असतील, किंवा दुखणं औषधाने आटोक्यात आलेलं नसेल तेव्हा. तसंच त्याला वयामुळे भ्रम व्हायला लागला असेल तर. म्हणजे रात्री घरभर फिरणं, कोपऱ्यात तोंड करून उभं राहणं, दाराच्या बिजागरीच्या बाजूने बाहेर पडायला बघणं, घरातल्याच माणसाला न ओळखणं. अशा कुत्र्याला रोजचं तेच घर, तोच क्रम हाच आधार असतो. तो काढून घेऊ नका.

दिवाळीच्या तोंडावरही आणू नका. फटाक्यांनी दोघंही बिथरलेली असतात, आणि तेव्हा झालेली ओळख भीतीशी जोडली जाते.

पिल्लू आणावं की मोठा कुत्रा?

लोकांना वाटतं पिल्लू सोपं. थोरल्याच्या दृष्टीने पिल्लू सगळ्यात अवघड असतं. ते कान ओढतं, शेपटीला लटकतं, रात्री दोनला उठून खेळायला मागतं, आणि "आता पुरे" ही भाषा त्याला अजून कळत नाही. साधारण चार-पाच महिन्यांपर्यंत बरेच मोठे कुत्रे पिल्लांचं खूप खपवून घेतात, पण सांधे दुखणारा कुत्रा तेवढंही खपवून घेऊ शकत नाही.

मला विचाराल तर १० वर्षांच्या पुढच्या कुत्र्यासोबत तीन-चार वर्षांचा, शांत स्वभावाचा, इतर कुत्र्यांमध्ये राहिलेला कुत्रा दत्तक घ्यावा. त्याचा स्वभाव आधी बघता येतो. ज्यांच्याकडे तो तात्पुरता राहतोय त्यांना विचारा: जेवताना दुसरं कुत्रं जवळ आलं तर काय करतो? दुसऱ्याने गुरगुरल्यावर मागे सरकतो का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "हो" असेल तर निम्मं काम झालं.

पिल्लूच घ्यायचं असेल तर आठ आठवड्यांच्या आतलं घेऊ नका. २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनुसार त्याहून लहान पिल्लू विकता येत नाही. आईजवळ आणि भावंडांत राहिलेलं पिल्लू चावा किती जोरात घ्यायचा हे तिथेच शिकून येतं, आणि त्याचा फायदा पुढे थोरल्यालाच होतो.

नर की मादी?

नर आणि मादी ही जोडी सहसा जास्त जमते. एकाच लिंगाची, त्यातही दोन माद्या असतील, तर लागलेलं भांडण लवकर मिटत नाही. नसबंदी झालेली नसेल तर धाकटी साधारण ६ महिने ते वर्षाच्या दरम्यान पहिल्यांदा हीटवर (माजावर) येते आणि ते जवळपास ३ आठवडे चालतं. थोरला नर म्हातारा आहे, त्याला आता काय कळतंय, असं समजू नका. वेळेत नसबंदी करून घ्या.

आणण्याआधी डॉक्टरांकडे कोणाला न्यायचं?

दोघांनाही, पण आधी थोरल्याला. हे बहुतेक लोक करत नाहीत. त्याचं रक्त तपासून घ्या, किडनी आणि लिव्हर बघून घ्या, दात बघा, कंबर आणि गुडघे दाबून बघायला सांगा. कुत्रं दुखतंय म्हणून रडत नाही. ते उठायला वेळ लावतं, सोफ्यावर चढणं सोडतं, आणि कुणी जवळ आलं की चिडतं. पुष्कळदा आपण ज्याला "धाकट्यावर जळतो" म्हणतो ते कंबरेचं दुखणं असतं. भैरूला वेदनाशामक सुरू झाल्यावर दहा दिवसांत त्याचा सूर बदलला. औषध मात्र डॉक्टरांनी कुत्र्यासाठी दिलेलंच. घरातली माणसांची गोळी, आयब्युप्रोफेन असो की डायक्लोफिनॅक, कुत्र्याच्या पोटाला आणि किडनीला घातक ठरते.

"आता म्हातारा झाला, लस कशाला" हेही काढून टाका. धाकटा येण्याआधी थोरल्याच्या सगळ्या लसी, विशेषतः रेबीजची, चालू असल्या पाहिजेत. रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाचा पूर्वेतिहास कुणालाच माहीत नसतो.

नव्या पिल्लाला वेगळं ठेवायला सांगतात. खरंच गरज असते का?

असते. किमान १४ दिवस. इथे तडजोड करू नका.

पिल्लू वरून टुणटुणीत दिसतं आणि पोटात पार्व्हो, म्हणजे उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणू, घेऊन येतं. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला सहसा तीन ते सात दिवस लागतात, कधी त्याहून जास्त. डिस्टेंपर या दुसऱ्या विषाणूजन्य आजाराला त्याहूनही वेळ लागू शकतो. केनल कफ, म्हणजे कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला, तर एका खोकल्यासरशी पसरतो, आणि म्हाताऱ्या फुप्फुसांत तो उतरला तर न्यूमोनियापर्यंत जातो. शिवाय गोचीड. एका पिल्लाच्या कानात आठ-दहा गोचीड सहज निघतात, आणि त्यांच्यामुळे होणारा टिक फिव्हर म्हाताऱ्या कुत्र्याला फार लवकर खाली आणतो. कानाच्या घड्या, बोटांच्या बेचक्या आणि शेपटीखालची जागा बोटांनी चाचपून बघा, नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायचा, पिळायचा नाही, रॉकेल लावायचं नाही.

वेगळी खोली नसेल तर बाथरूमला लागून असलेला पॅसेज चालतो. बाल्कनी उन्हात आणि पावसात चालत नाही. भांडी वेगळी, पायपुसणं वेगळं, शी उचलायचं फावडं वेगळं. आधी थोरल्याचं सगळं आटपायचं, मग पिल्लाकडे जायचं, परत येताना हात धुवायचे आणि चप्पल तिथेच सोडायची. पार्व्होचा विषाणू फरशीवर, मातीत महिनोन् महिने टिकतो आणि नुसत्या फिनेलवर विसंबता येत नाही. आधी साबणाने जागा धुवून मग १ भाग ब्लीच आणि ३० भाग पाणी असं मिश्रण दहा मिनिटं राहू द्यायचं. ते पूर्ण वाळेपर्यंत कुत्र्यांना तिथे जाऊ देऊ नका.

पिल्लाच्या लसी साधारण ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू होतात, दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस, असं १६ आठवड्यांपर्यंत. रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर. जंताचं औषध पहिले तीन महिने दर १५ दिवसांनी, पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा.

हे चौदा दिवस वाया जात नाहीत. दाराखालून वास जातो-येतो. पिल्लाचं फडकं थोरल्याच्या जागेपासून लांब, जिथून त्याला वाटलं तर जाता येईल अशा ठिकाणी ठेवा. त्याच्या गादीवर नको. भैरूने पहिल्या दिवशी फडक्याला वळसा घातला, चौथ्या दिवशी हुंगलं, नवव्या दिवशी त्याच्या शेजारून नुसताच पाणी प्यायला गेला. त्या नवव्या दिवशी मला बरं वाटलं.

पहिली भेट कुठे आणि कशी घडवायची?

नवा कुत्रा मोठा असेल तर घराबाहेर, आणि थोरल्याच्या रोजच्या गल्लीतही नको. सांधे दुखणाऱ्याला टेकडीवर नेऊ नका, सपाट आणि कमी वर्दळीचा रस्ता बघा. दोन माणसं, दोन पट्टे, दोन्ही सैल. समोरासमोर आणायचं नाही. एकाच दिशेने, मध्ये १५-२० फूट अंतर ठेवून चालत राहायचं. दोघं जमीन हुंगायला लागली, एकमेकांकडे टक लावणं थांबलं, की अंतर कमी करायचं. मग एकाला दुसऱ्याच्या मागून हुंगू द्यायचं, मनात तीन मोजायचे आणि हाक मारून पुढे निघायचं. पट्टा ताणला की कुत्र्यालाही वाटतं काहीतरी बिनसलंय. घरात शिरताना थोरला आधी आत. त्याआधी खेळणी, हाडं, वाट्या सगळं उचलून ठेवलेलं असावं.

लसी पूर्ण न झालेल्या पिल्लाला रस्त्यावर उतरवता येत नाही, म्हणून त्याची भेट घरातच. पण हॉलमध्ये किंवा थोरला झोपतो त्या खोलीत नको. आम्ही मागच्या खोलीच्या दाराला लहान मुलांसाठी मिळतं ते गेट लावलं होतं. पंधराव्या दिवशी, चिंगी खाऊन, शी-शू करून, खेळून दमल्यावर, भैरूला तिथे आणलं. ती गेटवर पुढचे पाय टेकून उभी राहिली आणि सगळं अंग हलवायला लागली. भैरू दोन पावलांवर थांबला. मान जरा खाली, उजवा डोळा तिच्याकडे, नाकपुड्या हलतायत. एकदा ओठ चाटले. एक जांभई दिली, ती झोपेची नव्हती. मग त्याने सावकाश पाठ फिरवली, नखांचा टकटक आवाज करत स्वयंपाकघराच्या दाराशी गेला आणि नेहमीच्या जागी धपकन बसला.

घरातले म्हणाले, त्याला आवडली नाही. मला ती भेट उत्तम झालेली वाटली. पाठ फिरवून निघून जाता येणं आणि कुणी मागे न येणं, एवढं त्याला मिळालं होतं. दुसऱ्या दिवशी तो हाक न मारता गेटपाशी आला.

काळजी कधी करायची? अंग ताठ झालं, हलणारं तोंड एकदम मिटलं, श्वास रोखला, डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागला तर. तेव्हा ओरडू नका, हलक्या आवाजात दुसरीकडे बोलवा.

थोरला गुरगुरतो. त्याला रागवावं का?

नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे, कारण यात माझ्याकडून चूक झाली.

चिंगी मोकळी फिरायला लागून तिसराच दिवस होता. एक चघळायची कांडी जमिनीवर राहिली होती. भैरू ती घेऊन बसला, चिंगी जवळ गेली, तो गुरगुरला. मी "भैरू, नाही!" म्हणून जोरात दटावलं. असं आणखी दोन-तीनदा झालं. तो गुरगुरायचा बंद झाला आणि मला वाटलं, शिकला. आठवड्याने ती त्याच्या गादीच्या कडेवर बसली तेव्हा त्याने आवाजही न करता तोंड टाकलं. तिच्या कानाला ओरखडा आला. नशीब, तेवढंच.

गुरगुरणं म्हणजे कुत्र्याचं बोलणं. "लांब राहा, मला हे नको आहे." मी त्याचं बोलणं बंद केलं आणि त्याच्याकडे फक्त दात उरले. त्यानंतर तो गुरगुरला की मी "बरं, ऐकलं" असं म्हणून चिंगीला उचलून बाजूला न्यायला लागले. पंधरा-वीस दिवसांत गुरगुरणं कमी झालं. ऐकलं जातंय म्हटल्यावर त्याला आवाज चढवावा लागेना.

जेवण एकत्र द्यावं का?

नको. वेगळ्या खोल्या, मध्ये बंद दार, आणि १५ मिनिटांनी दोन्ही वाट्या उचलायच्या. हे भांडणासाठी आहेच, पण पथ्यासाठीही आहे. पिल्लाच्या खाण्यात प्रथिनं, फॅट, फॉस्फरस सगळं जास्त असतं आणि किडनी थकलेल्या कुत्र्याला ते झेपत नाही. उलट थोरल्याच्या किडनीच्या पथ्यावर पिल्लाची वाढ होत नाही. दोघंही दुसऱ्याच्याच वाटीवर टपलेली असतात. आधी कोणाला द्यायचं याबद्दल लोक फार वाद घालतात. मी थोरल्याला आधी देते, पण महत्त्व आहे ते क्रम रोज तोच असण्याला.

पाण्याची भांडी मात्र दोन-तीन ठिकाणी ठेवा. धाकटा वाटेत आडवा झोपलाय म्हणून म्हातारं कुत्रं पाणी प्यायला जातच नाही, असं घडतं आणि आपल्या लक्षात येत नाही.

घरात काय बदल करावे लागतील?

दोन. एक, फरशी. गुळगुळीत टाइल्सवर म्हाताऱ्याचे मागचे पाय फाकतात. एरवी तो जपून चालतो, पण धाकट्याने धडक दिली की घसरतो, आणि एकदा पडला की धाकट्याला घाबरायला लागतो. त्याच्या गादीपासून पाण्यापर्यंत आणि दारापर्यंत रबरी तळाच्या चटया किंवा जुनी सतरंजी दोन बाजूंनी चिकटवून अंथरा.

दोन, अशी एक जागा जिथे धाकटा कधीच जाणार नाही. खोली असायलाच हवी असं नाही. आमच्याकडे दिवाणाच्या आणि कपाटाच्या मधली जागा होती, पुढे आडवी फळी. भैरूला आत-बाहेर करताना कुणीतरी फळी सरकवायचं. तो दिवसातले कितीतरी तास तिथेच झोपायचा.

थोरल्याला नीट दिसत नाही, ऐकूही येत नाही.

मग धाकट्याच्या पट्ट्याला घुंगरू बांधा. दिसत नसलेल्याला तो कुठून येतोय ते कळतं. ऐकू येत नसलेला झोपेतून दचकून चावतो, म्हणून त्याच्या झोपेच्या वेळी धाकटा मोकळा नको. स्वतःही उठवताना अंगाला हात लावू नका. गादीशेजारची जमीन थोपटा, किंवा नाकापाशी हात धरा. वासाने तो शांतपणे जागा होतो.

भांडण जुंपलं तर?

मध्ये हात घालू नका, पट्टा पकडायला जाऊ नका. स्टीलची दोन ताटं एकमेकांवर आपटा, बादलीभर पाणी टाका, दोघांच्या मध्ये उशी किंवा फळी सारा. मागचे पाय उचलून ओढायची एक पद्धत सांगतात. ती थोरल्यावर वापरू नका, कंबर जायची. ओढायचंच झालं तर धाकट्याला. नंतर दोघांना वेगळं करा आणि केस बाजूला करून अंग तपासा. चाव्याची भोकं बाहेरून लहान आणि आत खोल असतात. माणसाला दात लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा, घरचाच कुत्रा आहे म्हणून टाळू नका.

दोघांना घरी सोडून कामावर जाता येईल का?

पहिले काही महिने एकत्र नाही. मध्ये बंद दार हवंच. पिल्लाला तसंही फार वेळ कोंडता येत नाही. तीन महिन्यांचं पिल्लू जागेपणी दोन-तीन तासांपलीकडे शू धरू शकत नाही.

थोरला जेवेनासा झाला, कोपऱ्यात बसून राहतो.

रुसलाय म्हणून सोडून देऊ नका. पूर्ण एक दिवस जेवला नाही, किंवा पाणी एकदम वाढलं अथवा कमी झालं, तर डॉक्टरांना दाखवा. आजार निघाला नाही तर तुमच्या वेळाचा हिशोब मांडा. पूर्वी सकाळचा चहा पिताना तुमचा हात त्याच्या डोक्यावर असायचा, आता तोच हात पिल्लाच्या मागे धावतोय. ती पंधरा मिनिटं त्याला परत द्या, रोज, दार लावून.

सोसायटीवाले म्हणतात, एकच कुत्रा पाळता येईल.

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला बहुमतानेही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. पण तुमची बाजू भक्कम ठेवा. दोघांचं महापालिकेचं लायसन, लसीची पुस्तिका, आणि खाली घाण उचलायची सवय. कागद दाखवले की बराचसा वाद तिथेच संपतो.

जमायला किती दिवस लागतात?

एका घरात बसायला काही आठवडे, मनापासून सवय व्हायला काही महिने. प्रेम होईलच असं नाही. एकाच खोलीत दोघं आपापल्या जागी निवांत झोपली तर जमलं असं समजा. धाकटा दीड-दोन वर्षांचा झाला की पुन्हा लक्ष ठेवा. तोवर तो ताकदीला येतो, थोरला उतरतो, आणि इतके दिवस मिळणारा मान तो द्यायचा थांबवू शकतो.

सगळं करूनही थोरला रोज घाबरून जगत असेल तर धाकट्याला दुसरं चांगलं घर शोधा. त्यात लाज नाही. घर मिळेपर्यंत आलटून-पालटून वेगळं ठेवा, आणि रस्त्यावर सोडायचा विचारही करू नका.

थोरला गेल्यावर धाकट्याचं काय?

शक्य असेल तर त्याला हुंगू द्या. भैरू घरीच गेला, पहाटे. चिंगी दोन वर्षांची होती. तिने त्याचं तोंड हुंगलं, कान हुंगला, आणि लांब जाऊन बसली. पुढचे बरेच दिवस तिचं जेवण निम्म्यावर आलं होतं. अशा वेळी जेवणाच्या आणि फिरायच्या वेळा अजिबात बदलू नका, आणि लगेच तिसरं पिल्लू आणू नका. थोरल्याची उरलेली औषधं धाकट्याला देऊ नका, ती त्याच्या वजनाची आणि त्याच्या दुखण्याची नाहीत. गादी मात्र धुवायची घाई करू नका. फळी काढल्यावर चिंगी आठवडाभर त्या जागेच्या तोंडाशी येऊन उभी राहायची, आत जायची नाही. मग एका दुपारी आत गेली आणि झोपली.